तुडवलेला तलाव

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेऊन लेण्याद्रीकडे निघालेल्या गाड्या अधूनमधून आमच्या धामणमाळात शिरतात. त्यांचाही दोष नाही. फाट्यावर निळा सरकारी बोर्ड आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'धामणमाळ तलाव, क वर्ग पर्यटन स्थळ, नौकाविहाराची सोय.' बाणही दाखवलाय. चैत्र-वैशाखात कोणी त्या बाणाच्या नादाने आलंच, तर त्याला तलावाच्या जागी भेगाळलेला गाळ, त्यात लावलेल्या काकड्या आणि मान वर करून बसलेला एक फायबरचा हंस दिसतो. मग गाडीतली माणसं माझ्या पिठाच्या गिरणीपाशी येऊन भांडायला आल्यासारखी विचारतात, "अहो, इथला तलाव कुठाय?" मी म्हणतो, "हाच तो. पाणी खाली गेलंय." त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. थट्टा मी एरवी करतोच, पण एवढं बोलणं अगदी खरं असतं.

हा बोर्ड, हा हंस आणि त्या काकड्या, सगळी आमच्या कुंडलिकची कर्तबगारी. कुंडलिक माझ्या वर्गातला. दोघांनी मिळून शाळा सोडली, इतकी जुनी दोस्ती. उंच, सडसडीत माणूस, टोपी जरा तिरकी आणि कुठल्याही अडचणीला 'त्यात काय!' म्हणायची सवय. तो सरपंच झाला तेव्हा मी पंच होतो. पंचाचं काम हात वर करायचं. दिवसभर गिरणीत वाकून उभ्या राहणाऱ्या माणसाला तो व्यायाम बरा असतो.

पण बोटीचं खूळ सरपंचपदाच्या फार आधीचं. लग्नाच्या पुढच्या उन्हाळ्यात कुंडलिक आणि लंकाबाई भावकीबरोबर महाबळेश्वरला गेले होते. टेंपो केला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी कुंडलिकची मावशी, कारण तिला गाडी लागायची. तिथल्या तलावावर बोटीसाठी ही रांग. लंकाबाई रांगेत जाऊन उभी राहिली. तिने जन्मात बोट पाहिली नव्हती, आणि आता पाहिल्यावर तिला बसायचंच होतं. तिचा नंबर अगदी तोंडाशी आला आणि तिकडे मावशीला उलट्या सुरू झाल्या. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. भावकी भराभर टेंपोत चढली आणि लंकाबाईला रांगेतून बाहेर यावं लागलं. तिचं तोंड उतरलेलं बघून कुंडलिक म्हणाला, "त्यात काय! आपल्या गावच्या तलावात बोट आणून बसवीन तुला." अख्खा टेंपो हसला. लंकाबाई हसली नाही. तिने ते खरं मानलं आणि पुन्हा कधी त्याची आठवण करून दिली नाही. तिने एखादा टोमणा मारला असता तर कुंडलिक सुटला असता, असं मला अजून वाटतं.

आता आमचा तलाव. येडगावच्या धरणाचा कालवा आमच्या गावाच्या खालच्या अंगाने जातो, म्हणजे पाणी नुसतं दिसतं, वर चढत नाही. खालच्या गावांत ऊस आणि द्राक्षं, आमच्याकडे बाजरी आणि विहिरीच्या जिवावर थोडे टोमॅटो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या माणसांनी ओढ्याला आडवा बांध घातला आणि हा पाझर तलाव झाला. त्या माणसांत कुंडलिकचा बापही होता. या तलावाला काम एकच. पावसाचं पाणी अडवायचं आणि तळातून मुरवत मुरवत बांधाखालच्या विहिरींना द्यायचं. गावची पिण्याची विहीर तिथेच आहे. माघ सरता सरता तलाव कोरडा पडायचा, पण विहीर पुढच्या पावसापर्यंत पुरायची. आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लंकाबाईसारख्या बाया गाळपेर करायच्या, काकड्या-वाळकं लावायच्या. हे सगळं इतकं बिनबोभाट चाललं होतं की हा तलाव काही काम करतो, हेच आम्ही विसरलो होतो.

नव्वदीच्या अखेरीला कुंडलिक सरपंच झाला आणि पहिल्याच सभेत त्याने विषय काढला, नौकाविहार. त्याचं म्हणणं असं की अष्टविनायकाची माणसं ओझर करून लेण्याद्रीला जातात, मधल्या रस्त्यात त्यांची पोरं गाडीत रडतात, त्यांना बोटीत बसवायचं. गावाचं नाव होईल, फाट्यावर चहाच्या टपऱ्या येतील. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. खरं कारण मला माहीत होतं, म्हणून मी जरा जास्तच वर केला.

हंसाच्या आकाराच्या, पायाने मारायच्या दोन बोटी ठरल्या. त्या ट्रकमधून नारायणगावच्या बाजारातून आल्या तेव्हा टोमॅटोवाल्यांना वाटलं, एखाद्या तमाशाच्या फडाची सीनसिनेरी चाललीय. हंस गावात पोचले दिवाळीनंतर. उद्घाटनाला पुढाऱ्याची तारीख मिळेपर्यंत संक्रांत उलटून गेली आणि तारीख मिळाली तोवर हंस चिखलात बसले होते. पुढारी आले, त्यांनी चिखल पाहिला, शाल घेतली आणि गेले. त्यानंतर पारावरचं कोणीही पोरगंसोरगं सरपंचाला विचारायचं, "सरपंच, अंडी कधी घालणार?" कुंडलिक खाली मान घालून जायचा. मला त्याची कीव यायची, आणि मीही एकदा विचारलंच.

त्याला वाट दाखवली ती भागूने. भागू पश्चिमेकडचा, आंबेगावच्या डोंगरातला भातकरी. त्याची निम्मी खाचरं डिंभ्याच्या धरणात गेली, तेव्हापासून टोमॅटो तोडायला तो कुंडलिककडे येऊन राहायचा. त्याच्या घरच्या लग्नाला म्हणून कुंडलिक डोंगरात गेला आणि तिथे भाताची खाचरं पाहून थबकला. उतारावर एकाखाली एक खाचर आणि प्रत्येकात आदल्या दिवशीच्या वळवाचं पाणी उभं.

"भागू, आरं उतारावर पानी उभं ऱ्हातंय. आमचं सपाटीला टिकत न्हाई. हे कसं काय?"

"चिखल तुडवायचा, दादा. बैलं घालायची, मानसं घालायची. तळ तुडवून बसला की थेंब खाली जात न्हाई."

"तलाव तुडवता यील का?"

भागूला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने बराच विचार केला. "तलाव म्हंजी मोठं खाचरच की," तो म्हणाला.

झालं! वळवाच्या सरींनी तळात घोटाभर पाणी झाल्याबरोबर कुंडलिकने गावात दवंडी दिली. ट्रॉल्या भरभरून काळी माती आणून तळात पसरली. मग तलावात उतरले गावचे झाडून सारे बैल, म्हशी, मुक्कामाला आलेल्या धनगराची मेंढरं आणि श्रमदान म्हणून शाळेची पोरं. कडेला हलगी वाजत होती. भागू कमरेला टॉवेल गुंडाळून मधोमध उभा, कुठे तळ बसला आणि कुठे नाही ते पायाने चाचपून सांगायचा. सगळ्यांत जास्त नाचली माझी म्हैस. तालुक्याहून एक साहेब आले, त्यांनी फोटो काढले आणि लोकसहभागाचं कौतुक केलं. इतकी वर्षं विहिरीला पाणी देणाऱ्या तलावाच्या तळाची भोकं आम्ही वाजतगाजत बुजवत होतो आणि दुपारी सगळ्यांना आमटी-भाकरी होती.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, पण तलाव भरला. दिवाळी गेली, पाणी हललं नाही. संक्रांत गेली, पाणी हललं नाही. कुंडलिक रोज सकाळी बांधावर उभा राहून पाण्याकडे असा बघायचा, जसं घरात नवीन बाळ आलंय. मला हाताला धरून न्यायचा. "बघ की राव, बोटभर बी उतरलं न्हाई!" मलाही बरं वाटायचं. भरलेलं पाणी कोणाला आवडत नाही?

माघी गणेश जयंतीला ओझरला यात्रा असते. तोच दिवस उद्घाटनाचा धरला. पहिल्या हंसात लंकाबाई बसणार हे कुंडलिकने मनात पक्कं केलं होतं आणि मला एकट्याला सांगितलं होतं. लंकाबाई ठेवणीतली अंजिरी साडी नेसून धक्क्यावर आली. पण पुढारी आले ते लवाजमा घेऊन. पहिल्या हंसात ते स्वतः, त्यांचे दोन कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. दुसऱ्या हंसात अधिकारी. लंकाबाईच्या हातात कोणीतरी ओवाळणीचं ताट दिलं, ते झाल्यावर चहाची किटली दिली. "पुढच्या फेरीला बस गं," कुंडलिक घाईघाईत म्हणाला आणि भाषणाला गेला. पुढच्या फेरीला यात्रेकरूंची झुंबड उडाली. लंकाबाई थोडा वेळ रांगेच्या शेवटी उभी राहिली, मग किटली परत करून घरी गेली. मला तेव्हा कुंडलिकचा भारी राग आला. दोन शब्द बोललोही, पण हलगीत त्याला ऐकू गेलं नाही.

नंतरचे काही दिवस गावाने ऐट केली. भागू नावाडी झाला. बोटीत तोही पहिल्यांदाच बसत होता, पण गळ्यात शिट्टी आल्यावर त्याने ते कोणाला कळू दिलं नाही. त्याच सुमाराला, फाल्गुनात, पिण्याच्या विहिरीत पोहरा तळाला आपटायला लागला. होळीच्या आत विहीर खणखणीत कोरडी. असं कधीच झालं नव्हतं. कोणी खालच्या गावातल्या बोअरवेलना शिव्या दिल्या, कोणी पावसाला. बाया हंडे घेऊन खाली कालव्यावर जायला लागल्या आणि भरलेले हंडे डोक्यावर घेऊन चढ चढायला लागल्या. त्यांत सरपंचाची बायकोही होती.

एक दिवस ती दळण घेऊन गिरणीत आली. डबा ठेवून म्हणाली, "भावजी, इहिरीला झरा एकच व्हता. बांधाच्या अंगाचा. त्यो बंद झालाय."

गिरणी चालू होती, तरी मला ते नीट ऐकू आलं. "त्याला सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं की. म्हनले, त्यात काय, समिती येऊन गेल्यावर बघू."

समिती म्हणजे पुण्याहून येणारी पाहणी समिती. तिने शिफारस केली की तलाव क वर्ग पर्यटन स्थळ होणार होता. कुंडलिकने टँकर मागितला नव्हता असं नाही. मागितला होता. टँकरसाठी एक साहेब जीपमधून आले, त्यांना काठोकाठ निळं पाणी आणि त्यावर दोन हंस दिसले. "सरपंच, थट्टा करता का सरकारची?" असं म्हणून ते हसले, हंसातून एक फेरी मारली आणि टँकर नामंजूर करून गेले. उरला तलाव. पण पाणी उपसलं तर धक्क्यापाशी बोटी गाळाला लागतील, आणि समितीसमोर धुणी-हंडे बरे दिसणार नाहीत, म्हणून कुंडलिकने काठावर पाटी लावली, 'काठावरून पाणी भरण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' हुकूम त्याचाच.

ग्रामसभेत ठकूबाई उभी राहिली. गावातली सगळ्यांत वयस्कर बाई, कुंडलिकची नात्याने आत्या. "कुंडलिका, हंसाला पानी हाय आन् मानसाला न्हाई व्हय रं?"

"आत्या, तेवढी समिती जाऊ द्या. एकदा क वर्ग झालं की—"

"क वर्ग घागरीत बसतंय का?"

लोक हसले आणि विषय संपला. आमच्या गावात लोक हसले की विषय संपतो.

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी. नौकाविहाराच्या ठरावात कुंडलिकने एक ओळ घातली होती, 'दर शुक्रवारी गावातील महिलांना बोटीची फेरी मोफत.' ती ओळ एकाच बाईसाठी होती, पण सरपंचाला ठरावात बायकोचं नाव कसं घालता येणार? त्या ओळीचा फायदा आजवर कोणीच घेतला नव्हता. शुक्रवारी बाया कालव्यावर असायच्या, आणि गुरुवारी आणि शनिवारीही.

समिती आली ती नेमकी शुक्रवारी. कुंडलिक शाली-नारळ घेऊन धक्क्यावर उभा, मी शेजारी. साहेबांची गाडी थांबली, सत्कार सुरू झाले, आणि बांधावरून लंकाबाई येताना दिसली. अंगावर तीच अंजिरी साडी, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मागे ठकूबाई आणि तिच्या मागे बायांची ओळ. धक्क्यावर येऊन लंकाबाई सरळ हंसात बसली आणि हंडा-कळशी पायाशी ठेवली.

भागूने शिट्टी तोंडात घातली आणि काढली. "वैनी, हांडं चालत न्हाईत."

"कुटं लिवलंय?"

भागूने पाटीकडे पाहिलं. पाटीवर काठाचं लिहिलं होतं, बोटीचं काही नव्हतं.

"शुक्रवार हाय न्हवं आज? चल मग," लंकाबाई म्हणाली.

भागूने एकदा कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकच्या हातात एका साहेबाच्या गळ्यात घालायचा हार होता, तो तसाच राहिला. भागू पाय मारायला लागला. तलावाच्या मधोमध हंस थांबला. लंकाबाईने वाकून कळशी भरली, मग हंडा भरला. धक्क्यावर ठकूबाई पुढच्या फेरीसाठी रांग लावत होती.

समितीतल्या एका साहेबांनी मला विचारलं, "हे कोण?"

"पर्यटक," मी म्हणालो.

तर साहेब खूष झाले! 'हंसातून पाणी भरणाऱ्या ग्रामीण महिला' त्यांनी कुठे पाहिल्या नव्हत्या. त्यांनी कॅमेरा काढला, मान तिरकी करून फोटो घेतले, आणि लोकजीवन व पर्यटन यांचा असा सुंदर मेळ जिल्ह्यात दुसरीकडे नाही, असं म्हणून जागेवर शिफारस कबूल केली. कुंडलिक हात जोडून उभा होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, पण त्याचं तोंड तेरावं घालायला आलेल्या माणसासारखं झालं होतं.

गाडी गेली. हंस धक्क्याला लागला. कुंडलिक पुढे झाला आणि हंडा उचलायला त्याने हात दिला.

"बसलीस शेवटी बोटीत," तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला असावा.

"बसले," लंकाबाई म्हणाली. "महाबळेसरला रांगंत मी पान्यासाठी उभी न्हवते."

तिने हंडा डोक्यावर घेतला, कळशी कमरेला लावली आणि बांध उतरून गेली. कुंडलिक तिथेच उभा राहिला. 'त्यात काय' म्हणायची ती जागा होती, पण तो म्हणाला नाही. त्यानंतर मी त्याच्या तोंडून ते फारसं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक पहार आणि फावडं घेऊन तलावात उतरला. बांधाच्या टोकाशी, उथळात, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याने तळावर पहार घालायला सुरुवात केली. भागू काठावरून ओरडला, मग स्वतःच पाण्यात गेला. तुडवलेला तळ पहारीला दाद देत नव्हता.

"दादा, आसा तळ आमच्या डोंगरात बी कुनाचा बसला न्हाई," भागू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगलं केलेलं काम आपल्याच हाताने मोडायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

"म्हनूनच फोडायचा," कुंडलिक म्हणाला.

दुपारपर्यंत पहार मुरमाला लागली. तोवर गावातले गडी गोळा झाले होते. ज्या बैलांनी तळ तुडवला होता तेच नांगराला जुंपून कडेच्या उथळ पाण्यात घातले. या खेपेला हलगी नव्हती आणि साहेबही नव्हते. माझी म्हैस बांधावरून बघत होती.

विहिरीतला झरा आधी नुसता ओलसर झाला. मग त्याला बारीक धार लागली. ठकूबाईने विहिरीच्या काठाला हळदीकुंकू लावलं आणि बायांनी कालव्याचा रस्ता सोडला. तलाव मात्र रोज खाली जाऊ लागला आणि वैशाखात हंस पुन्हा चिखलात बसले. बरोबर त्याच आठवड्यात फाट्यावर निळा बोर्ड लागला, क वर्ग पर्यटन स्थळ. तो कोणी काढायचा हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या निवडणुकीत कुंडलिक पडला. मी बिनविरोध आलो, कारण हात वर करणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. एका हंसात पुढे ठकूबाईच्या कोंबड्यांनी अंडी घातली, म्हणजे पारावरच्या पोरांनाही त्यांचं उत्तर मिळालं.

पण मला सांगायचंय ते तळ फोडला त्याच वर्षीच्या आश्विनातलं. दसरा झाला होता. तलाव पुन्हा भरला होता आणि तळातून मुरतही होता, जसा पूर्वी मुरायचा. दुपारची लाइट गेलेली, म्हणून गिरणी बंद करून मी बांधावर बसलो होतो. कुंडलिकने एक हंस घासूनपुसून स्वच्छ केला होता. भागू डोंगरात भात कापायला गेला होता, तेव्हा पाय मारायला कुंडलिकच बसला. लंकाबाई आली, अंजिरी साडीत. ना हंडा, ना कळशी. धक्क्यावर क्षणभर घुटमळली आणि मग बसली.

हंस मधोमध गेला. पाण्यावरून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. लंकाबाईला रिकाम्या हातांचं काय करावं कळत नव्हतं. तिने ते मांडीवर ठेवले, पदरात घेतले, पुन्हा मांडीवर ठेवले. शेवटी एक हात पाण्यात सोडला.

"पानी खाली जातंय न्हवं?" तिने विचारलं.

"जातंय."

"नक्की?"

"रोज इहिरीत वाकून बघतो."

लंकाबाईने बांधाकडे, त्यापलीकडच्या विहिरीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

"मग मारा आजून एक चक्कर," ती म्हणाली. "आज हॉर्न वाजवनारं कुनी न्हाई."